रवे उलटे करा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ डिसेंबर १९७५

तीर्थरूप मामा,

पाया पडते. तुमचं पत्र पोचलं आणि त्यातली झाडाझडतीही पोचली. 'एसट्या वेळेवर सुटतात, कारकून दहाच्या ठोक्याला खुर्चीवर असतात, मग तुमचं पोट कुठं दुखतं?' असं विचारलंय तुम्ही. एसटी वेळेवर सुटते हे खरं आहे. पण तिच्यात बसून बोलायची चोरी झाली आहे. गेल्या खेपेला गडहिंग्लजहून येताना कागलपर्यंत माणसं ऊस, लग्न आणि गुडघेदुखी यापलीकडं गेली नाहीत. आपल्या भागातली माणसं एवढी गप्प मी कधी बघितली नव्हती.

आम्ही आयत्या बिळावरचे नागोबा, हेही खरं. मी जन्मले तेव्हा झेंडा बदलून सहा वर्षं झाली होती. तुम्ही वीस वर्षांचे होतात तेव्हा तुमच्यासमोर संस्थानचा पोलीस होता. मी वीस वर्षांची झाले तेव्हा माझ्यासमोर रेशनचं दुकान होतं, तांबडी मिलो ज्वारी होती आणि 'उद्या या' म्हणणारा दुकानदार होता. सरकार म्हटलं की तुम्हाला वाटतं, हे आपण मिळवलं. मला ती रांग आठवते. याला मी काय करू?

आणि मला भांडायला शिकवलं कुणी? आई गेल्यावर तुम्ही मला सांभाळलंत. मला झोपवताना ज्या गोष्टी सांगत होतात, त्या काय चिमणी-कावळ्याच्या होत्या? बेचाळीसच्या होत्या. भूमिगत, पत्रकं, फक्रुद्दीनचाचा. त्याच तोंडानं आता 'गप्प बस, अभ्यास कर' म्हणता. जमणार नाही.

चाचांच्या नबीलालदादाच्या गुऱ्हाळावरचा पाच किलोचा गुळाचा रवा दर आठवड्याला येतो. खोलीवरच्या मुलींना फार आवडतो. असाच पाठवत जा म्हणावं. तब्येत जपा, तंबाखू कमी करा.

तुमची शालन

*

उंबरमाळ, ता. गडहिंग्लज
२८ जानेवारी १९७६

चि. शालन, अनेक आशीर्वाद.

तंबाखूचं नाव काढू नकोस. बाकी बोल.

परवा सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा माझ्या हस्ते झाला. तीस वर्षं याच शाळेत मास्तरकी केली, पण झेंड्याची दोरी कायम सरपंचाच्या हातात. यंदा वरून कागद आला की स्वातंत्र्यसैनिकाला बोलवा, त्याला शिस्तीवर चार शब्द बोलायला सांगा. मी कोट घातला. त्याला कसर लागली होती, ती तुझ्या मामीनं रफू केली.

इथं नवा फौजदार आलाय. पंचविशीचं पोरगं. सगळ्या गावादेखत त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि उभा राहून खाडकन सलाम ठोकला. अगं, याच टोपीच्या भीतीनं बेचाळीस साली मी अकरा दिवस उसाच्या फडात काढले होते. उंदरं अंगावरून जायची. आणि त्याच टोपीनं मला सलाम केला! तू मिलो ज्वारीच्या गोष्टी सांगतेस, सांग. पण जुलमाचं सरकार कसं असतं ते तुला ठाऊक नाही. तुला कुणी मारलेलं नाही. हे सरकार चुकेल, माकेल, पण आपलं आहे. घरातल्या म्हाताऱ्यानं चार दिवस आवाज चढवला म्हणून कुणी घर पेटवत नाही.

भाषण चांगलं पाऊण तास झालं. शिस्तीवर पाच मिनिटं बोललो, मग पोरांनी 'मामा, बेचाळीस सांगा, बेचाळीस' म्हणून गलका केला. मग काय, जुन्या गोष्टी सांगितल्या. फक्रुद्दीनचं नाव भर सभेत पहिल्यांदाच घेतलं. संस्थानच्या पोलिसांनी त्याची नखं उपटली, पण हंबीरराव कुठं आहे ते त्यानं सांगितलं नाही, हे सांगताना माझाच आवाज फुटला. त्याची सुलतानबी व्हरांड्यात बायकांत बसली होती. तिनं पदर डोळ्याला लावला.

फौजदार जाताना म्हणाला, 'काका, परत येतो, तुमच्याकडून खूप शिकायचंय.' पोरगं वाईट नाही.

तुझा
हंबीरमामा

*

उंबरमाळ
९ फेब्रुवारी १९७६

चि. शालन,

गूळ येणार नाही. शनिवारी सकाळी पोलिसांची गाडी नबीलालच्या गुऱ्हाळावर आली. काही छापील कागद सापडले म्हणतात. त्याला घेऊन गेले, कुठं ते कळलं नाही. सुलतानबी दोन दिवस चौकीच्या पायरीवर बसून होती.

गाव म्हणतंय, जोतीरामनं सांगितलं. तोच दिवसभर चुलवाणापुढं बसून चिपाडं घालायला असतो. गेल्या बाजारी त्याच्या सासुरवाडीच्या एका हवालदारासंगं चहा पिताना त्याला लोकांनी बघितलं होतं. मला यातलं काही ठाऊक नाही.

तू पत्र जपून लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

हंबीरराव

*

कोल्हापूर
१३ फेब्रुवारी १९७६

ती. मामा,

परीक्षेच्या अभ्यासासाठी मैत्रिणीकडं परगावी जात आहे. पत्ता नक्की नाही. काळजी करू नका. सुलतानबीचाचींच्या घरी चूल पेटते का ते बघा.

शालन

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२ एप्रिल १९७७

तीर्थरूप मामा,

पाया पडते. सव्वा वर्षानं पाकिटावर माझं नाव-गाव लिहिते आहे. सरकार पडलं. रंकाळ्यावर लोकांनी पेढे वाटले, अनोळखी माणसांनी माझ्या हातात पेढे कोंबले. मी खाल्ले आणि रडले.

आता सगळं सांगते. रव्यातली पत्रकं माझी होती. म्हणजे आमची. कोल्हापुरातला छापखाना बंद पडल्यावर आम्ही पत्रकं गडहिंग्लजला एका घरी काढायचो, आणि ती कोल्हापुरात आणायची कशी हा प्रश्न होता. वाटेत पिशव्या तपासायचे. तेव्हा मला तुमची गोष्ट आठवली. फक्रुद्दीनचाचा थंड झालेला रवा बुडातून कोरायचे, तेलकट कागदात गुंडाळलेली पत्रकं आत घालायचे, वरून ऊन पाकाचं बूच मारायचे, आणि खूण म्हणून बुडाला अंगठा दाबायचे. मी नबीलालदादाला फक्त म्हटलं, 'दादा, अब्बा करायचे तसं करशील?' त्यानं 'व्हय' म्हटलं. एका शब्दात. काय कागद आहेत तेही विचारलं नाही.

त्याला तेरा महिने आत ठेवलं, मामा. मी एक दिवसही आत गेले नाही. त्यानं माझं नाव घेतलं नाही. गेल्या आठवड्यात उंबरमाळला येऊन त्याला भेटले. त्याचा डावा कान आता ऐकत नाही. मी पाया पडायला गेले तर म्हणाला, 'उलट्या बाजूला बोल, शाली, हिकडनं ऐकू येत न्हाय.' आणि हसला. मी कुठं बघू तेच मला कळेना.

तुमच्या घराला कुलूप होतं. मी येणार असा निरोप धाडला होता, तरी तुम्ही त्याच दिवशी नरसोबाच्या वाडीला गेलात? सुलतानबीचाचींनाही भेटले. त्या काहीबाही बोलल्या. दुःखात माणसाच्या तोंडाला धरबंध राहत नाही.

आता एकच काम उरलं आहे. मी इथल्या एका साप्ताहिकात लिहायला लागले आहे. नबीलालदादावर लेख लिहिणार, आणि त्याला कुणी पकडून दिलं तेही लिहिणार. जोतीरामबद्दल तुम्हाला जे ठाऊक असेल ते कळवा. तुमच्या शब्दाला किंमत आहे.

शालन

*

उंबरमाळ
११ एप्रिल १९७७

चि. शालन, आशीर्वाद.

सव्वा वर्षानं तुझं अक्षर बघून तुझ्या मामीनं देवापुढं साखर ठेवली. पत्रकं तुझी होती हे मला आधी ठाऊक नव्हतं.

नबीलालवर जरूर लिही. चांगलं लिही. पण जोतीरामचं राहू दे. झालं गेलं गंगेला मिळालं. गरीब माणूस आहे, पोरगी लग्नाची आहे. आणि डोळ्यांनी बघितलेलं कुणाला काही नाही. गाव काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मला वाडीला एकाएकी जावं लागलं. नवस होता.

हंबीरमामा

*

कोल्हापूर
६ मे १९७७

ती. मामा,

पाया पडते. सोबत अंक पाठवत आहे. जोतीरामचं नाव छापलेलं नाही, पण 'गुऱ्हाळावर चुलवाण पेटवणारा' एवढं लिहिलं आहे. गावाला कळेल. कळायलाच हवं.

'झालं गेलं गंगेला मिळालं' हे तुमचं वाक्य मी संपादकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्या पिढीची ही खोडच आहे. तुम्ही इंग्रजाच्या चाकरांनाही असंच माफ केलंत आणि तेच नंतर खादी घालून खुर्च्यांवर बसले. आम्ही ती चूक करणार नाही. तुम्ही रागवाल, ठाऊक आहे. पण फितुराला फितूर म्हणायला मला तुम्हीच शिकवलं.

शालन

*

उंबरमाळ
२४ मे १९७७

शालन,

आज तुला चिरंजीव लिहायला हात धजत नाही. पत्र नीट वाच, आणि मामीला यातलं काही कळवू नकोस. तिला मी सांगेन.

जोतीरामच्या तानाबाईचं लग्न मोडलं. एकवीस तारखेला नवऱ्याकडची चार माणसं आली, त्यातल्या एकाच्या हातात तुझा अंक होता. मांडवाचे बांबू आले होते. 'फितुराच्या घरची सोयरीक नको' म्हणून ती माणसं पाणीही न पिता गेली. गेलं वर्षभर त्यांच्या दारात कुणी विस्तव मागायला गेलेलं नाही, पिठाच्या गिरणीत त्याच्या बायकोचा डबा सगळ्यांच्या मागं ठेवतात. ते मी बघत होतो. परवा मात्र तो मांडवाच्या बांबूंजवळ बसून होता, आणि मी समोरून गेलो तर उठून मला रामराम केला.

जोतीरामनं काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं.

सव्वीस जानेवारीच्या भाषणात. तुला पत्रात मी नुसतं 'जुन्या गोष्टी सांगितल्या' असं लिहिलं. त्या गोष्टी कोणत्या होत्या? रवा कसा कोरायचा, बूच कसं मारायचं, अंगठा कुठं दाबायचा. सगळं, हातवारे करून. पोरं टाळ्या वाजवत होती आणि फौजदार पहिल्या खुर्चीवर बसून ऐकत होता.

ज्या सकाळी गाडी आली तेव्हा मी गुऱ्हाळावरच होतो, रस प्यायला गेलो होतो. हे तुला लिहिलं नव्हतं. पोलिसांनी झडती घेतली नाही, भांडी उचकटली नाहीत. फौजदार आला तो थेट म्हणाला, 'रवे उलटे करा.' बुडं बघत गेले. सातव्या रव्यावर अंगठा होता. नबीलालनं माझ्याकडं बघितलं. मी हातातला रसाचा गिलास खाली ठेवला आणि घरी आलो.

जोतीराम बाहेर चुलवाणापुढं असतो, भाषणालाही तो आणि नबीलाल नव्हते, गुऱ्हाळ चालू होतं; त्याला अंगठ्याचं कुठून ठाऊक असणार? एवढा विचार गावात एकानंही केला नाही. मी केला होता. आणि तरी गाव 'जोत्या, जोत्या' म्हणत होतं तेव्हा मी मान हलवत होतो.

मला लाज वाटते. याहून मोठा शब्द मला मास्तर असूनही येत नाही.

हंबीरराव

*

कोल्हापूर
१९ जून १९७७

मामा,

तुमचं पत्र तीन आठवडे उशीखाली आहे. पहिल्या आठवड्यात तुम्हाला लिहायला बसले असते तर जे लिहिलं असतं ते परत घेता आलं नसतं. तुम्ही मान हलवत होतात! फक्रुद्दीनचाचांची नखं गेली आणि तुम्ही मान हलवत होतात.

पण मग माझी पाळी आली. ऐका.

सुलतानबीचाची 'काहीबाही' बोलल्या असं मी लिहिलं होतं. त्या काय बोलल्या ते लिहिलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, 'बेटा, जोतीरामचं नाव घिऊ नको. हंबीररावनं भाषनात सांगितलं समदं, मी व्हरांड्यात हुतो. माझ्या मालकाचं नाव घेतलं म्हणून मी खूश झालो, रडलो. गाडी आली तवा कळालं, फौजदार समोरच बसला हुता.' त्यांनी गावातही सांगितलं होतं. लोकांनी त्यांना गप्प केलं, 'एवढ्या मोठ्या माणसावर आळ घेतीस?' म्हणून. आणि मी काय केलं? मी त्यांच्यावर ओरडले, मामा. ज्यांचा मुलगा माझ्यापायी बहिरा झाला त्यांच्यावर. म्हटलं, 'चाची, माझ्या मामांबद्दल बोलाल तर मी या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.' त्या म्हणाल्या, 'बरं बाई,' आणि माझ्यासाठी चहा टाकला.

तुमचं अठ्ठावीस जानेवारीचं पत्र माझ्याकडं तेव्हाही होतं. 'जुन्या गोष्टी सांगितल्या' हे वाक्य त्यात होतं. मी ते पुन्हा काढून वाचलं नाही, कारण वाचलं असतं तर कळलं असतं. कुणावर विश्वास ठेवायचा नाही असं म्हणत आम्ही सगळे फिरत होतो. सरकारवर नाही, पेपरवर नाही, रेडिओवर नाही. आणि घरातल्या माणसाचं आलं तेव्हा मी डोळे मिटले.

दुरुस्ती छापली आहे, कात्रण सोबत आहे. दोन ओळी आहेत: 'मागील अंकातील एका व्यक्तीविषयीचा उल्लेख खात्रीलायक माहितीवर आधारित नव्हता.' तुमचं नाव त्यात नाही. संपादकांनी गाळलं असं मी सांगू शकले असते. मीच लिहिलं नाही.

तुम्हाला दोष द्यायला बसले की वाटतं, तुमची पिढीच अशी घडली. ज्यांनी सरकार घडताना बघितलं त्यांना ते आपलं लेकरू वाटणारच. तुम्ही एकटे थोडेच आहात? असं म्हटलं की जरा झोप लागते.

शालन

*

उंबरमाळ
१८ ऑगस्ट १९७७

शालन,

ती झोप मला देऊ नकोस. पिढीच्या पदराआड मला लपवू नकोस. फक्रुद्दीन माझ्याच पिढीचा होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच संस्थानात वाढला, त्याच पोलिसांना भ्यायचा. त्याचं तोंड उघडलं नाही. माझं सलामावर उघडलं. पिढीनं मला सरकारवर प्रेम करायला शिकवलं असेल, कबूल. पण गप्प बसून दुसऱ्याचा बळी जाऊ द्यायला शिकवलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं शिकलो.

मागच्या पत्रातही मी सगळं सांगितलं नव्हतं. ते सांगून टाकतो. भाषणानंतर चौथ्या दिवशी तो फौजदार घरी आला. माझ्यासाठी शाल आणली होती. मामीनं पोहे केले. म्हणाला, 'काका, ते अंगठ्याचं परत एकदा सांगा.' हातात डायरी होती. त्या क्षणी मला कळलं, शालन. हा पोरगा इतिहास शिकायला आलेला नाही, हे मला लख्ख कळलं. नबीलालही बापासारखंच करत असेल, हेही मनात येऊन गेलं. पण तो समोर शिष्यासारखा बसला होता, आणि मला वाटलं, आता थांबलो तर याच्या डोळ्यांतला आदर जाईल. म्हणून सांगितलं. तीच शाल मी थंडीभर पांघरली.

परवा पंधरा ऑगस्टला परत मला बोलावलं होतं. यंदा नवं सरकार, पण कोट तोच आणि झेंड्याची दोरीही माझ्याच हातात. नबीलाल आला होता, त्याचाही सत्कार होता. जोतीराम नव्हता. तो जूनमध्येच घर बंद करून बायको-पोरीला घेऊन हातकणंगल्याला गेलाय, स्टेशनवर पोती उतरवतो.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. आडपडदा न ठेवता. भाषणाचं, फौजदाराचं, पोह्यांचं, शालीचं. 'जोतीराम निर्दोष आहे, फितूर मी आहे,' असं तीनदा म्हणालो. मला वाटलं, आता दगड येतील. आले असते तर बरं झालं असतं.

हेडमास्तर पुढं आला. नवीन आहे, माझाच विद्यार्थी. त्याचे डोळे भरले होते. माईक घेऊन म्हणाला, 'बघा! एका गरिबाचा कलंक पुसायला मामांनी स्वतःच्या अंगावर घेतला. याला म्हणतात बेचाळीसचा माणूस!' आणि टाळ्या. शालन, टाळ्या! पोरं उभी राहिली. सरपंचानं मला हार घातला. मी 'अरे नाही, खरं सांगतोय' म्हणून ओरडत होतो, तर पाठीमागचा कोण म्हणाला, 'किती मोठं मन!'

लोक खुळे नाहीत. जोतीराम निर्दोष ठरला तर वर्षभर ज्यांनी त्याला वाळीत टाकल्यागत वागवलं ते सगळे गुन्हेगार. त्यापेक्षा मला देव करणं सोपं.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या दोघांनी. नबीलाल खाली बघत होता. सुलतानबी उठली आणि निघून गेली. मी संध्याकाळी तिच्या दारात गेलो. म्हटलं, 'तू तरी मला बोल. शिव्या दे.' म्हणाली, 'हंबीरराव, मी बोललो तवा कुणी ऐकलं न्हाय. आता माझ्यात शिव्याबी ऱ्हायल्या न्हाईत. बसा, पानी देतो.' मी पाणी प्यालो.

जोतीरामला मी सविस्तर पत्र घातलंय. त्याला वाचता येत नाही, पण पोरगी सातवी झालेली आहे, वाचून दाखवील. लिहिलंय की मी हातकणंगल्याला येतो, तुमच्या सोयऱ्यांच्या गावी जातो, पोरीचं परत जुळवतो, सांगाल ते करतो. त्याचं उत्तर आलं की तुला पाठवीन.

हंबीरराव

*

हातकणंगले
११ सप्टेंबर १९७७

हंबीरमामास,

जोतीरामचा रामराम. पत्र तानाबाईच्या हातचं हाय, बोल माझं हाईत.

तुमचं पत्र आलं. भाषनाचं त्याआधीच कळालं हुतं, आमचा साडू येऊन सांगून गेला. मामा, तुमी खरं बोललासा, मला पटलंय. तुमास्नी म्हणून सांगतो, वरीसभर मलाच वाटत हुतं का त्या हवालदारासंगं चा पिताना माझ्याच तोंडातनं काय गेलं असंल. लई आठवून बघितलं. अंगठ्याचं मला ठावंच नव्हतं, मग सांगनार काय? पर समदं गाव म्हणाय लागलं की मानसाला सोताचंबी खरं वाटंना हुतंय. तुमचं पत्र ऐकलं आनि तेवढं एक मनातनं गेलं. त्येचं तुमास्नी पुन्य लागंल.

पर आता गप ऱ्हावा. आदी निम्मं गाव म्हणायचं जोत्यानं सांगितलं, निम्मं म्हणायचं कुनाला ठावं. आता समदंच म्हणतंय, व्हय, जोत्यानंच. न्हायतर मामाला त्येचं पाप डोक्यावर घ्यायची गरज काय हुती? तुमी देव झालासा आनि मी फितूर हाय ते पक्कं झालं. सोयऱ्यांकडं जाऊ नका. हिकडंबी येऊ नका. हितं मला कोन वळखत न्हाय. तुमच्यासारका मोठा मानूस आला की लोक इचारतील, ह्यो तुझ्याकडं का आला? मग काय सांगू? माझं नाव पुन्यांदा कुठं काढू नका, एवडं उपकार करा.

मामीस्नी नमस्कार.

जोतीराम

मामा, वरचं बाबांनी सांगितलं तसं लिहिलं. खालचं माझं आहे. बाबांना वाचता येत नाही, म्हणून इथंच लिहिते.

सव्वीस जानेवारीला मी पहिल्या रांगेत होते. तुमच्या भाषणाला मी कायम पहिल्या रांगेत बसायची. तुम्ही अंगठ्याचं सांगितलं तेव्हा फौजदारानं खिशातनं पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं, ते मी बघितलं. मला वाटलं, केवढे मोठे आपले मामा, पोलीससुद्धा लिहून घेतात. मी अजून जोरानं टाळ्या वाजवल्या.

नंतर बाबांचं नाव आलं तेव्हा मला सगळं कळलं होतं. पण माझं लग्न ठरत होतं. हंबीरमामांवर आळ घेणारी पोरगी म्हटल्यावर ते मोडेल, म्हणून मी बोलले नाही. रोज बाबांच्या ताटात भाकरी वाढत होते आणि बोलत नव्हते. ते आपलं डोकं धरून आठवत बसायचे, मी काय बोललो असेन, आणि मी समोर बसून भांडी घासत होते.

सरकार बदललं त्या दिवशी तिकडं गावात गुलाल उधळला. मी गेले नाही. आता कुणाच्याच भाषणाला जाणार नाही.

तुम्ही पंधरा ऑगस्टला सगळ्यांसमोर सांगितलंत. मी अजून बाबांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तानाबाई